पाहुणे निघेपर्यंत

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या त्या घरात वीस वर्षांत उदबत्ती लागली नव्हती, देवापुढेसुद्धा नाही. पूर्वीला लहानपणापासून दमा. तिचा बाप रघुवीर इतका कडक, की फोडणी जरा करपली तरी खिडकी उघडायला धावायचा. तोच रघुवीर त्या रविवारी दुपारी होणाऱ्या जावयाला म्हणाला, "गार्डनमध्ये कशाला जाता? पाऊस आहे. घर तुमचंच आहे, इथेच ओढा."

कुश आणि त्याची आई शशीताई लीड्सहून आले होते. कुशनं सिगारेट सोडून व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट, धरलं होतं. टेबलावर त्यानं दोन यंत्रं ठेवली होती. एक ठोकळ्यासारखं, टाकी नि बटणांचं, दुसरं पेनाएवढं, खिशात मावणारं. रोज ऑफिसला यातलं कुठलं न्यावं, एवढाच त्याचा प्रश्न. जन्मात विडी न ओढलेल्या रघुवीरनं मुलाकडच्यांचा विषय म्हणून आदल्या दिवशी तासभर व्हिडिओ पाहून तयारी केली होती!

"छोट्याची बॅटरी दुपारीच संपते म्हणे," तो म्हणाला. "मोठं घ्या. वॅटेज वाढवून दाखवा की."

"शुअर, काका? इथे नको, धूर जास्त येतो."

"अहो, दाखवा हो!"

पांढरा, गोडसर ढग खोलीभर पसरला. वड्यांची बशी घेऊन आलेल्या तिच्या बायकोचं, स्वातीचं लक्ष फक्त पूर्वीच्या खांद्यांकडे होतं. ते वर-खाली व्हायला लागले होते.

दम्याचं पाहुण्यांना सांगितलंच नव्हतं. आधीची दोन स्थळं त्यावरूनच गेली होती. या वेळी रघुवीरनं ठरवलं, साखरपुडा होऊ दे, मग बघू. सकाळी त्यानं पूर्वीच्या पर्समधला दम्याचा निळा पंप काढून गाडीत ठेवला, कुणाच्या नजरेला पडायला नको म्हणून. दोन तासांचा तर प्रश्न, म्हणत पूर्वीनंही मान डोलावली. आणि स्वाती आई असून गप्प बसली होती.

पूर्वी खोकला दाबत होती. डोळे पाण्यानं भरले होते. शशीताईंनी नोकरीचं विचारलं, तर तिला वाक्य पुरं करता येईना. "लाजतेय," रघुवीर हसला आणि कुशला छोटं यंत्रही दाखवायला लावलं. घड्याळाचा काटा सरकत होता. स्वाती मनात म्हणत होती, उठा आता, जा एकदाचे.

पूर्वी उठून किचनमध्ये गेली, ओटा धरून उभी राहिली. स्वाती तिच्यामागे आली.

"आई... माझी छाती... खूप टाइट झालीय."

तिचे ओठ निळसर दिसले तशी स्वाती बाहेर धावली. "अहो, गाडीची किल्ली द्या."

रघुवीर तिच्या कानाशी कुजबुजला, "पाच मिनिटं थांब. ते निघतायत."

पाच मिनिटं! लेकीचा श्वास अडकला होता आणि बाप पाहुणे निघायची वाट बघत होता. स्वातीनं सगळ्यांदेखत नवऱ्याच्या खिशात हात घातला, किल्ली ओढून काढली आणि मोठ्यानं म्हणाली, "पूर्वीला दमा आहे. सहा वर्षांची असल्यापासून. तिचा पंप आम्ही तुमच्यापासून लपवून गाडीत ठेवलाय. कुश, ॲम्ब्युलन्सला फोन कर, नाइन नाइन नाइन!"

कुशनं फोन लावला, खिडक्या उघडल्या. स्वातीनं गाडीतून आणलेल्या पंपाचे दहा फवारे झाले तरी पूर्वीच्या गळ्यातली शिट्टी थांबेना. शशीताई तिची पाठ धरून बसल्या होत्या. "असं कुणी करतं का हो?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो रास्तच होता.

ॲम्ब्युलन्स आली. पूर्वीच्या तोंडावर मास्क लावताना पॅरामेडिक बाईनं विचारलं, त्रास कधीपासून होतोय?

"जस्ट नाउ," रघुवीर घाईनं म्हणाला.

स्वातीला रडू फुटलं, पण तिनं लेकीचा हात सोडला नाही. "नो," ती म्हणाली. "ट्वेंटी मिनिट्स. मला दिसत होतं. घरात पाहुणे होते, म्हणून मी बोलले नाही."

बाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं.