डाव्या हाताची सही

दाराच्या फटीतून पाकिटं आत पडली की तिच्या कपाळाला आठी पडायची. आले पुन्हा भक्त! नवऱ्याला मैदान सोडून जमाना लोटला होता. गुडघे गेले, केस गेले, सहा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हातही गेला. पण फुटबॉलपटूंच्या सह्या गोळा करणारे काही जात नव्हते. पाकिटात त्याचा जुना फोटो, एक गोडगोड पत्र, आणि तिकीट लावून स्वतःचा पत्ता घातलेलं दुसरं पाकीट. म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची सोयच ठेवायची नाही.

पत्रंही ठरलेली. ‘तुमचा खेळ बघत लहानाचा मोठा झालो.’ एका पठ्ठ्याने तर एकच पत्र सगळ्या निवृत्त खेळाडूंना धाडलं होतं. त्यात ‘तुमचे गोल अजून डोळ्यांसमोर आहेत’ असं होतं. आता तिचा नवरा पडला बचावपटू. त्याच्या अंगावरून चेंडू पुढे सरकत नसे म्हणून लोक त्याला भिंतराव म्हणायचे. जन्मात एकच गोल केला, तोही स्वतःच्याच जाळ्यात. त्या पत्रावर मात्र दोघंही पोट धरून हसली होती.

झटक्यानंतर पाकिटांचा ढीग साचत गेला आणि तो बघून भिंतराव कासावीस होऊ लागले. ‘लोक तिकीट लावून पाठवतात गं, वाईट दिसतं,’ हे पालुपद. शेवटी एका दुपारी तेच म्हणाले, ‘तूच कर. कुणाला कळतंय?’

ती घरी बसून कपडे दुरुस्त करून द्यायची. चेन बदलायची, पँटची उंची कमी करायची, उसवलेलं शिवायचं. हात बसलेला. तिने त्यांची जुनी सही खिडकीच्या काचेवर धरली, वर पातळ कागद ठेवला आणि गिरवली. नाव सोपं होतं. आडनावाची मात्र गंमत होती. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे फिरून सबंध आडनावाखालून जायची. आठवडाभरात गिरवायचीही गरज उरली नाही.

तेव्हापासून त्यांची आंघोळ, त्यांचं जेवण, त्यांच्या गोळ्या, गिऱ्हाइकांच्या पँटी, आणि वर ह्या सह्या. मुलगी फोनवर म्हणाली, ‘आई, सरळ रबरी शिक्का करून घे ना.’ मुलींना सल्ले द्यायला काय जातं!

मग व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी भिंतरावांच्या डाव्या हातात पेन दिलं. ते कापडाच्या मापांच्या कागदावर, उरल्यासुरल्या कडांवर लिहीत बसायचे. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडायची, ते चिडायचे, पेन फेकायचे, पुन्हा मागायचे. किती महिने हे चाललं कोण जाणे. अखेर एक दिवस नाव वाचता आलं. तिला आनंद झाला. पण खरं सांगायचं तर त्यांच्या पराक्रमाचा कमी, आपल्या मागचं एक काम सुटलं ह्याचाच जास्त.

पहिली सही कुणाला द्यायची, ह्यावर चर्चा झाली नाही. भूगोलाच्या मास्तरांना. हे निवृत्त गृहस्थ चार वर्षांपासून दरवर्षी न चुकता एकेक फोटो पाठवायचे, सही कुठे करावी म्हणून पेन्सिलने फिकट रेघ मारून. पत्रात उगाच लोणी लावणं नाही. अमुक सामन्यात तुम्ही डावीकडून कसे धावत आलात ते मुद्देसूद लिहिलेलं. भिंतरावांची डाव्या हाताची सही त्या रेघेवर मावली नाही, खाली घसरली, पण झाली. फोटो गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून भिंतरावांनी खुर्ची दाराकडे वळवून घेतली. सहा वर्षांत पहिल्यांदा ते पोस्टमनची वाट बघत होते.

उत्तर आलं. पाकीट जाड होतं. तिने ते उभ्याउभ्याच फोडलं. आत तोच फोटो होता, आणि एक पत्र.

“वाच,” भिंतराव म्हणाले. लपवायला वेळच मिळाला नाही.

“‘महोदय,’” तिने वाचलं, “‘आपल्या घरातल्या कुणीतरी काम उरकण्यासाठी ही सही केलेली दिसते. माझ्या संग्रहात आपल्या चार अस्सल सह्या आहेत. भिंगाखाली ताडून पाहिलं. ही आपली नव्हे. आपण स्वतः सही केलीत तर उपकार होतील.’”

“अस्सल म्हणे,” भिंतराव हसले. ते हसणं काही खरं नव्हतं. मग त्यांनी मांडीवरचं पेन खाली ढकललं. “देऊन टाक तुझीच. मी नाही आता लिहीत.”

“अहो, असं काय करता?”

“अगं, दोन सेकंदांचं काम तुझं.”

“सहा वर्षं झाली तुमच्या त्या दोन सेकंदांना!” तिचा आवाज चढला. “दमलेय मी. भरवून दमले, उचलून दमले. एक काम तुम्हाला जमायला लागलं, तेही परत माझ्याच गळ्यात? नाही करणार मी सही. आज नाही आणि ह्यापुढेही नाही.”

तिला मास्तरांचा राग आला होता, नवऱ्याचा आला होता, आणि इतकी हुबेहूब सही करणाऱ्या आपल्या हाताचाही आला होता. आज आपण सही केली तर हा माणूस पुन्हा पेनाला शिवायचा नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. डोळे पुसून ती टेबलाशी बसली आणि शिवणाच्या डब्यातल्या पेनाने लिहू लागली. ‘मास्तर, फोटोवरची सही त्यांचीच आहे. आता त्यांची सही अशी येते. ठेवून घ्यावी.’

“त्या चारांचं लिहू नकोस,” भिंतराव खुर्चीतून मान लांबवून म्हणाले. “जपून ठेवल्यात बिचाऱ्याने.”

“नाही लिहीत.”

खाली तिने स्वतःचं नाव लिहिलं. मग आडनाव. हात आपसूक चालला, शेवटच्या अक्षरावरून मागे फिरला आणि सबंध आडनावाखालून शेपटी ओढून थांबला. दोघंही त्या कागदाकडे बघत राहिली. मास्तरांच्या संग्रहात हेच आडनाव चारदा होतं, आणि ते ओळखायला भिंगही लागलं नसतं.

तिने दुसरा कागद घेतला, सावकाश लिहिलं. आडनाव तसंच आलं. वेगळ्या तऱ्हेने ते कसं लिहायचं, हे तिच्या हाताला आता ठाऊकच नव्हतं.

“अगं, कळेल त्याला.”

“कळू दे,” ती म्हणाली. आता तिसरा कागद घ्यायचं त्राण तिच्यात नव्हतं.

ती पाकिटाला डिंक लावायला लागली तसे भिंतराव म्हणाले, “थांब. ते पेन उचलून दे इकडे, आणि तो कागद पण. एकट्या फोटोवरून नाही मानायचा तो. ताडून बघायला माझी अजून एक लागेल.”