एका बोर्डाभोवती

आत्यानं स्टुलावर चढून वरच्या मजल्याचा फ्यूज उपसला, रुमालात गुंडाळला आणि स्वेटरच्या खिशात टाकला. मग हात झटकत, कुठून तरी देवाधर्माचं काम करून आल्यासारखा चेहरा करून, ती जेवणाच्या हॉलमध्ये जाऊन बसली. मोठ्या टेबलावर तिनं एकच एक्स्टेन्शन बोर्ड मांडला होता. गेस्टहाउसमधले बाकीचे बोर्ड तिच्या गादीखाली झोपले होते.

तिला आत्या म्हणणारी, तिच्यासारखीच तळ्यांवर संशोधन करणारी ही मंडळी तिनंच इथं जमवली होती, कुणाच्या हातापाया पडून, कुणाला थापा मारून. सगळ्यांच्या तळ्यांत उन्हाळ्यात एकाएकी मासे मरून तरंगायचे, आणि कुणालाच आधी चाहूल लागायची नाही. सगळ्यांनी आपापले कच्चे आकडे एकत्र मांडले तर काहीतरी हाताला लागेल, असं आत्याचं म्हणणं. पण मंडळी आली ती आपापल्या खोलीत कडी लावून बसली. जेवायला खाली यायची, एकमेकांना गुळगुळीत आलेख दाखवायची, वा वा करायची, की पुन्हा वर. कच्च्या आकड्यांचं नाव काढलं की सगळ्यांची दातखिळी बसायची. आज संध्याकाळी सगळे आपापल्या गावी जाणार होते. असेच गेले तर ही टोळी पुन्हा जमणार नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मासे मोजत बसायचं, हे आत्याला दिसत होतं.

पहिले उतरले दाढीवाले सर. सगळ्यांत मोठी प्रयोगशाळा त्यांची आणि सगळ्यांत घट्ट मूठही त्यांचीच.

"वर लाइट नाहीये."

"अरेरे," आत्या म्हणाली. "इथं आहे बघा. या, बसा."

मग एकेक करत सगळे आले. चार्जर काढले, वायरी गुंतल्या, कोपराला कोपर लागलं. जाड चष्म्यामुळे सगळे जिला चष्मिष म्हणत, तिची वायर सगळ्यांत आखूड, त्यामुळे तिला सरांना अगदी खेटून बसावं लागलं. स्वतःची यंत्रं स्वतःच बनवणारा जुगाडू तेवढा उभा राहिला.

"मी बघून येतो फ्यूज."

आत्यानं खिशावर हात दाबून धरला. पाच मिनिटांनी जुगाडू परत आला. त्यानं आत्याच्या स्वेटरच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं, मग छताकडे.

"मोठा बिघाड आहे. संध्याकाळशिवाय काही होत नाही," तो म्हणाला, आणि आत्याच्या पुढ्यातली बिस्किटांची बशी हक्कानं स्वतःकडे ओढून बसला.

बराच वेळ नुसती बटणांची टकटक चालली. चष्मिष चष्मा पुसायच्या निमित्तानं दोनदा सरांच्या लॅपटॉपमध्ये डोकावली. तिसऱ्यांदा तिला राहवलं नाही.

"सर, ते राखाडी केलेलं काय आहे?"

सरांनी झाकण अर्धं मिटलं. "कचरा. सेन्सरला शेवाळ धरलं की पहाटे पाण्यातला प्राणवायू धाडकन पडल्यासारखा दिसतो, मग लगेच वर. असले आकडे मी काढूनच टाकतो."

"मीपण काढते."

"काढायलाच हवेत."

"हो, पण..." ती अडखळली. "तुमच्याकडे असं झाल्यावर तीन-चार दिवसांनी मासे मेले का?"

सरांचा हात दाढीतच थांबला. आत्यानं चहाचा कप खाली ठेवला. तिचा सगळा जन्म शेवाळाच्या मागे गेला होता.

"पहाटे धरतं आणि तासाभरात आपोआप सुटतं, असलं शेवाळ मला तरी आजवर भेटलेलं नाही," ती म्हणाली. "काढा पाहू सगळ्यांनी आपापला कचरा. लाजू नका, मी माझाही काढते."

मग सरांनी हळूच झाकण उघडलं आणि लॅपटॉप टेबलाच्या मधोमध फिरवला. ते पाहून बाकीच्यांनीही फिरवले. दुपारपर्यंत जुगाडूनं सगळ्यांचा कचरा एकावर एक रचून प्रोजेक्टरनं भिंतीवर लावला. तळी वेगळी, गावं वेगळी, रेषांचे रंग वेगळे, पण मासे मरायच्या आधी प्रत्येक रेषा एकाच तऱ्हेनं खड्ड्यात उतरून वर आलेली. वर्षानुवर्षं तळी ओरडून सांगत होती, आणि ही हुशार मंडळी ते आकडे धुऊन स्वच्छ करत होती.

"म्हणजे माझी यंत्रं चांगली होती," जुगाडू म्हणाला. "उगाच शिव्या घातल्या बिचाऱ्यांना."

हॉलमध्ये हशा उसळला. कुणी कुणाच्या पाठीत थाप मारली. सगळे एकदम बोलायला लागले. सरांनी मात्र आपल्या तळ्याचे ताजे आकडे उघडले होते.

"आज पहाटे प्राणवायू पडलाय," ते म्हणाले. "माझ्याकडे."

सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. आजवर ज्यानं कुणाकडे साधी पेन्सिल मागितली नव्हती, तो माणूस सगळ्यांकडे पाहत होता.

"पाण्यात हवा सोडायचा मोठा पंप... आहे का कुणाकडे?"

"माझ्याकडे आहे," चष्मिष म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात मासे गेल्यावर घेतला. तसाच पडलाय."

"अहो, पण तुम्हाला लागेल."

"मला कशाला? तळ्यात आहे काय आता?"

तिनं फोन कानाला लावलासुद्धा होता. "हॅलो, दादा? पंप गाडीत चढवा. पत्ता सांगते. सर, जरा सरका की, वायर पुरत नाहीये."

सर सरकले.

पुढचे काही दिवस आपापल्या घरी बसून सगळे एकच रेषा पाहत राहिले, सरांच्या तळ्याची. ती सगळ्यांना दिसेल अशी सरांनी स्वतःच लावून दिली होती. एका पहाटे ती घसरू लागली. घसरली, आणखी घसरली, पंपाच्या जिवावर एका जागी थरथरत राहिली, आणि ऊन वर आल्यावर तोंड वर करून चालू लागली.

ग्रुपवर जुगाडूनं शिट्टी मारणारा चेहरा टाकला. आत्या तोंडात ब्रश तसाच ठेवून बाल्कनीत नाचली. शेजारची सून बघत राहिली.

सरांचा निरोप मात्र दुपारी आला, सगळ्यांसमोर, चष्मिषच्या नावानं.

"मासे ठणठणीत. यंदा पिल्लंही बक्कळ झालीत. तुमच्या तळ्यासाठी नेता का?"

आत्या फोन हातात धरूनच बसली होती. मग चष्मिषनं लिहिलं,

"पंप न्यायला यायचंच आहे. मोठी पिंपं घेऊन येते."