पडद्यामागचं उत्तर

अख्तरबानू इद्दतीत होत्या. नवऱ्यामागचे हे महिने घरातच काढायचे, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मकबूल गेल्याचं कोंढव्यात सगळ्यांना कळलं, तसं एका भामट्यालाही कळलं. बँकेतून आलोय, खात्याला तुमचं नाव लावायचंय, तुम्हाला बाहेर पडायला नको म्हणून घरीच आलो, असं तो दारातून अदबीनं म्हणाला. त्यांनी पडद्याआडून हात काढून त्याला फोन दिला आणि त्यावर आलेला नंबरही वाचू दिला. खातं रिकामं झालं. माणूस दिसायला कसा होता, हे पोलिसांना सांगता आलं नाही.

मुलगी नाजिमा खराडीहून धावत आली, रागावली, रडली. अख्तरबानूंना रडू आलं नाही. मकबूल गेल्यापासून सगळं लांबून कुठून तरी ऐकू यायचं.

उरलं होतं ते हे राहतं घर. मग फोन आला की गेलेले पैसे परत मिळताहेत, फक्त घराचे मूळ कागद तपासायला हवेत, दुपारी माणूस येईल. एकदा फसलेल्याकडेच हे लोक पुन्हा येतात, असं नाजिमानं बजावलं आणि समोरच्या विमलाबाईंना आईपाशी जाऊन बसायला विनवलं. त्या मटार सोलायला घेऊन दारातच बसल्या.

माणूस आला. विमलाबाईंनी ओळखपत्र मागितलं. त्यानं गळ्यातलं पुढे केलं.

"असलं आमच्या गणपतीत प्रत्येक कार्यकर्त्याच्या गळ्यात असतं," त्या म्हणाल्या.

तो त्यांच्या डोक्यावरून पडद्याकडे पाहत बोलला, "चाची, आज कागद दिले नाहीत तर केस बंद होईल."

आत अख्तरबानूंच्या मांडीवर कागदांची पिशवी होती. ती कपाटातून कधी काढली, त्यांना आठवेना. दिली की हा जाईल, पुन्हा शांत होईल, एवढंच मनात येत होतं.

"भाभी, घर तुमचं आहे," विमलाबाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा."

अख्तरबानूंनी पिशवी दोन्ही हातांनी धरली.

"इद्दत संपली की मी स्वतः पोलीस चौकीत जाईन. कागद तिथेच दाखवीन."

"तोवर पैसे बुडतील, चाची."

"बुडू द्या."

तो थोडा रेंगाळला आणि जिना उतरला. विमलाबाईंनी लगेच पोलिसांना फोन लावला. मग आत डोकावून, चहा घेणार का, असं विचारलं. अख्तरबानू हो म्हणाल्या, पण पिशवी तशीच धरून बसून राहिल्या. शेवटी विमलाबाईंनीच गॅस पेटवला.