अक्काचा फोन, जसाच्या तसा

“सगळं पुसतो म्हंजी? तुझ्या बापाचा फोन हाय का?” अक्का ओरडली.

“बाप तर तुझा बी तोच हाय,” मी म्हणलो. “आन् फोन दाजीनं दिलेला हाय. म्हणून तर पुसतो म्हणून राहिलो.”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं कव्हर बघायचं सोडून आमच्याकडं बघायला लागली. मोबाईल दुरुस्तीचं दुकान जावेदभाईचं, नांदेडच्या बसस्टँडामागं. कोपऱ्यात माझं टेबल. दहावीत सरांनी माझ्यावर हात उचलला, मी बी उचलला, तवापासून शाळा बंद आन् टेबल चालू.

“ह्यात माझी एकतीस रेकॉर्डिंग हायती,” अक्का हळू आवाजात म्हणली. “तो काय काय बोलला ते सगळं. सोमवारी लातूरच्या कोर्टात तारीख हाय. एक बी गोष्ट जाऊ देऊ नको, हरिओम. जसंच्या तसं पाहिजे.”

“मंग रेकॉर्डिंग तेवढी काढतो, बाकी पुसतो.”

“आन् दादांचे फोटो? चॅट? तुला काय ठावं मला काय लागतंय? येत नसंल तर न्हाई म्हण. दुसऱ्याकडं नेते.”

येत नसंल! माझं डोकंच फिरलं. “आण इकडं,” म्हणून मी फोन हिसकला.

राजशेखर दाजीचं लातुरात मोबाईलचं दुकान हाय. साखरपुड्यात हा फोन त्यानं अक्काच्या हातात दिला तवा आमची सगळी गल्ली बघायला आली होती. त्यात कंपनीचं सॉफ्टवेअर नव्हतंच. दाजीनं आधीच काढून आपल्या पसंतीचं रॉम टाकलं होतं. रॉम म्हंजी काय, तर खोकं तेच, आतला सगळा कारभार दुसरा. आता अक्का त्याचं घर सोडून दोन महिने झाले होते, आन् त्याचा कारभार अजून तिच्या पर्समध्ये होता. मला ते काढून नवीन रॉम टाकायचं होतं.

आन् हे काम मला शिकवलं कुणी, तर दाजीनंच. सुट्टीत लातूरला जायचो तवा शेजारी बसवायचा. कधी आवाज चढवला न्हाई. “बॅकअप घ्यायचा तर सगळा घ्यायचा, हरिओम. गिऱ्हाइकाला फोन परत देताना असं वाटलं पाहिजे, की आपण हातच लावला नाही.” अक्काच्या मनगटावर काळंनिळं बघितलं त्या दिवशी बी तो असाच गोड बोलून राहिला होता.

तर मी सगळा बॅकअप घेतला. जावेदभाईच्या लॅपटॉपवर दोन तास गेले. जुनं रॉम उडवलं, नवीन टाकलं, मंग त्याच्यावर अक्काचं सगळं परत चढवलं. ॲप, चॅट, फोटो, सेटिंग, पाच वाजताचा अलार्म, सगळं. नवीन रॉम लई चौकस होतं. एकेक ॲप धरून इचारायचं, ह्याला माईक देऊ का? ह्याला लोकेशन देऊ का? ह्याला स्क्रीन बघू, चालवू देऊ का? अक्का डोक्यावर उभी. मी हाव, हाव, हाव करत गेलो.

अक्कानं फोन घेतला, एक रेकॉर्डिंग लावलं, आमच्या वडलांचा, दादांचा फोटो उघडला. आन् हसली. लई दिवसांनी.

“फकस्त घड्याळ तेवढं डावीकडं गेलंय,” ती म्हणली. “आधी उजवीकडं होतं.”

“ते रॉमचं हाय. सवय कर.”

दुसऱ्या दिवशी ती हिमायतनगरला गेली. तिथं आईच्या वळखीची कमलम्मा शिवणक्लास चालवते, तिच्याकडं राहायला. कुठं हाय ते आईला ठावं आन् मला. जावेदभाईला बी सांगितलं न्हाई.

आज शुक्रवार. दुपारी एक वाजता दाजीचा फोन आला.

“काय शिष्या, जेवलास का?”

मी एका फोनचा स्क्रू काढत राहिलो.

“राग आहे वाटतं. असू दे. काम मात्र छान केलंस. एक फाईल सांडली नाहीस. नवीन रॉम पण झकास आहे, फक्त ते घड्याळ डावीकडे गेलंय. मला उजवीकडचंच बरं वाटायचं.”

मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. नवीन रॉम टाकल्यापासून अक्काचा फोन त्यानं बघितलेलाच न्हाई. बघायचं कारणच न्हाई.

“कुठून बोलून राहिले, दाजी?”

“जवळच. बायकोला घरी न्यायला निघालोय. सोमवारच्या आधी घरी आलेली बरी, नाही का?” त्याच्या मागं कुणीतरी जीपमध्ये माणसं भरून राहिलं होतं, “चला हिमायतनगर, हिमायतनगर!” कपबशा वाजत होत्या. हिमायतनगरच्या जीपा भोकरच्या स्टँडवरनं सुटतात, तो तिथंच चहा पिऊन राहिला होता. नांदेड कवाच मागं टाकून गेला होता. “तिला फोन लावून उगाच घाबरवू नकोस,” तो म्हणला. “लावलास तर मलाही ऐकू येतं.” आन् ठेवला.

मी लॅपटॉप उघडला. बॅकअप तसाच होता. एकेक ॲपचं नाव वाचत गेलो, त्या दिवशी वाचायला पाहिजे होतं तसं. मधीच एक होतं, ‘सिस्टम सेवा’. राखाडी चाकाचं चिन्ह. आता फोनची खरी सिस्टम नव्या रॉमसंगं येती, ती बॅकअपमधून कशाला येईल? आत जाऊन तारीख बघितली. चौदा मे. साखरपुडा सोळाला होता. अक्काच्या हातात यायच्या दोन दिवस आधी दाजीनं हे आत बसवलं होतं. जुन्या रॉमसंगं ते मेलं असतं. मीच ते उचलून नव्या घरात नेऊन बसवलं, आन् त्याला माईक दिला, लोकेशन दिलं, स्क्रीन दिली. हाव, हाव, हाव.

अक्काला लावला. ऐकू दे त्याला. तिनं फोन तिथंच टाकून बाहेर पळावं, एवढंच मला सांगायचं होतं. एक रिंग झाली आन् कटला. परत लावला. परत एका रिंगमध्ये कटला. कमलम्माला लावला, रिंग जाऊन राहिली, कुणी उचलंना. तिथं आठ-आठ मशिनी संगं चालतात, काय ऐकू येणार. पोलिसांच्या एकशेबाराला लावला. बाईनं नीट ऐकून घेतलं, गाडी पाठवतो म्हणली. पत्ता म्हणून मी काय सांगितलं, तर मशिदीमागची गल्ली, निळं दार. आन् दाजी त्या दारात हात जोडून म्हणणार, साहेब, रुसलेल्या बायकोला न्यायला आलो. त्याच्यावर कुणाचा बी इश्वास बसतो. माझा बसला होता.

मंग अक्काला मेसेज टाकला. ‘फोन तिथंच फेक आन् शेजारी जा. दाजी येऊन राहिला.’

लगेच निळ्या टिका आल्या. वरती टायपिंग दिसलं. थांबलं. परत दिसलं.

उत्तर आलं. ‘मी ठीक आहे. तू काळजी करू नकोस. इकडे येऊ नकोस.’

जावेदभाई नमाजाहून आला. मी स्क्रीन त्याच्यापुढं धरली. “अरे, ठीक है बोल री ना वो,” तो म्हणला. “बावला हुआ क्या रे? पसीना देख तेरा.”

“भाई, अक्का लिहीत न्हाई. ती बोलून पाठवती. दहा सेकंदाचं काम असलं तरी बोलून पाठवती. आन् आमच्या घरात ‘आहे’ कोण म्हणतंय? ते तर दाजी म्हणतो.”

जावेदभाईनं परत वाचलं. खिशातून गाडीची चावी काढून टेबलावर ठेवली आन् म्हणला, पेट्रोल फुल हय.

भोकर ते हिमायतनगर, जीपला तासाच्या आतच लागतं. फोन येऊन वीस मिनिटं झाली. मी आत्ता अजून नांदेडात हाय. माझा फोन परत वाजून राहिला, वर अक्काचं नाव. लावला तिनं का दाजीनं, काय ठावं. मी उचलला. तिकडनं शिवणमशिनीचा आवाज येतोय, मशीन चालू हाय, पण बोलत कुणीच न्हाई. “अक्का?” मी म्हणलो. “अक्का, तू हाईस का?” मशीन थांबली.

मला निघावं लागंल.