हाच खरा रंग

मी एक जुनी लोखंडी नमुना-पट्टी आहे, तळहाताएवढी, लाल. ब्रिस्बेनजवळच्या एका कारखान्यात मुलांच्या झोपाळ्यांचे दांडे रंगवतात. तिथल्या मोठ्या दाराशी, उन्हात, चौदा वर्षं मी खिळ्याला टांगलेली होते. छातीवर कागद डकवलेला: 'हाच खरा रंग'.

मित्रांनो, माझा जन्म थाटाचा. मला घासून गुळगुळीत केलं, अंगावर कोरडी रंगपूड फवारली आणि भट्टीत भाजलं. मी लालभडक होऊन बाहेर आले. तेव्हापासून प्रत्येक दांडा माझ्याशेजारी धरायचा, जुळला तरच पुढे पाठवायचा. मला खाली काढण्याचा मान फक्त तपासनीस डेस्लीचा.

फवारणीला टोंगा बेटांवरची फिनाऊ होती. गेल्या वर्षापासून तिचे दांडे मला गडद दिसू लागले. डेस्लीलाही. ही रंगपुडीत काही मिसळते का? भट्टीची आच वाढवते का? डेस्ली तिचे डबे उघडून बघू लागली. जेवणाआधी फिनाऊ डोळे मिटून पुटपुटायची, तेसुद्धा मला खटकायचं.

"देवाला रंगाची कृती सांगतेस का गं?" डेस्लीने एकदा टोमणा मारला.

"नाही. तुझे डोळे नीट राहोत, एवढंच मागते."

माल दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा जुळला नाही तर फिनाऊला कामावरून काढायचं, असं मालकांनी ठरवलं. आणि तिसऱ्यांदाही जुळला नाही. फिनाऊने हातमोजे काढून ठेवले.

"जाते मी. पण ती पट्टी एकदा माझ्या हातात दे."

डेस्लीने दिली, नजर मात्र तिच्या बोटांवरच. उन्हाने वाळलेला कागद फिनाऊच्या अंगठ्याखाली सुटला. खाली लालभडक चौकोन होता. त्याच्या भोवतीची मी पार विटले होते, दर उन्हाळ्यात थोडी थोडी, आणि मला पत्ताच नव्हता. फिनाऊने दांडा त्या चौकोनाला टेकवला. रंगात तसूभर फरक नव्हता.

डेस्ली म्हणाली, "वर्षभर तुझ्यावरच डोळा ठेवला गं मी. या पट्टीकडे नीट बघितलंच नाही."

"उद्यापासून तुझ्यासाठी चष्मा मागते," म्हणत फिनाऊने हातमोजे चढवले.

नवी पट्टी आता अंधाऱ्या खणात, कापडात गुंडाळलेली असते. मित्रांनो, ऊन नमुन्यालाही लागतं. माझ्याशी जुळत नाही म्हणून कुणाला दोष देण्याआधी मलाही एकदा तपासून बघा. फिनाऊवर संशय घेणाऱ्यांत मीही होते; तरी मला भंगारात टाकायला निघाले, तेव्हा तिनेच हात आडवा घातला.