कानबाईसाठी खपवलेलं रोप

जलपर्णीच्या विक्रीवर बंदीचा ठराव आमच्या ग्रामसभेत एकमताने मंजूर झाला आणि त्याच्या बाजूने सगळ्यात लांब भाषण मी ठोकलं. साक्री रस्त्यावर माझी नर्सरी आहे, म्हणून सरपंचांनी माइक माझ्याच हातात दिला. हे परदेशी रोप आख्खं तळं कसं गिळतं, ते मी रंगवून सांगितलं. गावात ते माझ्याच नर्सरीतून आलं, एवढंच गिळून टाकलं.

तीन वर्षांपूर्वी, श्रावणात घरोघरी कानबाई बसायच्या आदल्या दिवशी, ताईबाई अक्का देवीपुढे ठेवायला फुलं घ्यायला आली होती. जलपर्णी टबात पडून होती. जांभळी फुलं आहेत, आईला शोभतील, असं म्हणून मी रोपच तिच्या गळ्यात मारलं. कानबाईपुढचं सगळं विसर्जनाला तिच्याबरोबर पाण्यात जातं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण गिऱ्हाईक समोर आलं की मला दुसरं काही सुचत नाही. अक्काने श्रद्धेने ते मुळांसकट तळ्यात सोडलं.

आता तळ्यात पाणी दिसत नाही. कमळासारखी आपली पांढरी पोयणी गेली, तिच्या पानांवर चालणारे पक्षीही गेले. गाव अक्काला नावं ठेवतं. बाया तिला कानबाईची गाणी म्हणायला बोलवत नाहीत. सभेतही कुणीतरी तिला विचारलं, रोप आणलं कुठून? "बजारमाईन," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, म्हातारी विसरली. तेव्हा मला हायसं वाटलं, आणि त्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

परवा ती पुन्हा आली. झेंडूची फुलं ओंजळीत घेऊन तिने विचारलं, "भाऊ, हाई पानीमा टाकं ते चाली ना?"

मी हातातली झारी खाली ठेवली. "अक्का, ते रोप मी दिन्हं व्हतं. चूक मनी शे."

"माले याद शे," ती फुलं पिशवीत भरत म्हणाली. "पन माइक तुना हातमा व्हता."

आज सोमवारी विसर्जनाला सारं गाव तळ्याकाठी जमलं होतं. अक्का सगळ्यांच्या मागे, एकटी उभी होती. तिथे माइक नव्हता. मी ओरडूनच सांगितलं.