गुलाबाच्या बदामात कौसाबाई

डोळ्यांनी शिकलेला शब्द माणूस जन्मभर विसरत नाही. १९९३ साली माझं हे मत फार ठाम होतं. ठाण्याच्या शिक्षक-शिबिरात ते मला जेवणासकट मिळालं होतं.

म्हणून बदलापूरच्या आमच्या शाळेतली नववी 'ब' इंग्रजी शब्दांची व्हिडिओ कॅसेट काढायला बसली. एक शब्द, एक प्रसंग, खाली ठळक अक्षरांत तो शब्द. कॅमेरा उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या किशिनभाईंचा. ते लग्नांचं शूटिंग करत. पितृपक्षात रिकामे होते.

'अँग्री' मीनलने मागून घेतला. 'लेझी'साठी मारामारी झाली. 'पुअर', म्हणजे गरीब, ही चिठ्ठी निघाली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, उमाच्या घरी जाऊ. सेट लावायलाच नको!"

वर्ग हसला. मी रागवायला हवं होतं. मी "गुड आयडिया" म्हणालो आणि उमाकडे न बघता पत्ता लिहून घेतला.

रविवारी जुन्या बदलापूर गावात पोचलो, तर उमाच्या आईने, कौसाबाईंनी, भिंतींना चुना मारलेला. फळीवर शेजारणीची पितळी भांडी, अंगावर लग्नातली हिरवी साडी. उमाने घरी 'शूटिंग हाय' एवढंच सांगितलं होतं.

"ये तो अमीर लग रही है, साब," किशिनभाई कुजबुजले.

मी घसा साफ केला. "कौसाबाई, रोजचं लुगडं नाही का? जरा नैसर्गिक दिसेल."

"हाय ना. पन कॅमेऱ्यापुढं ता कसा नेसू?"

"नेस गं आई," उमा जमिनीकडे बघत म्हणाली.

त्या नेसून आल्या. तोवर मुलांनी भांडी बाहेर नेऊन ठेवली, अगदी शिस्तीत.

शाळेच्या हॉलमध्ये पालकांना कॅसेट दाखवली. किशिनभाईंनी लग्नाच्या सवयीने कौसाबाईंभोवती गुलाबांचा बदाम फिरवला होता. बदामाखाली तो शब्द. मागून शिट्टी आली.

पहिल्या रांगेतल्या कौसाबाई वळल्या. "सर, माज्याखाली काय लिवलाय वो?"

उमा माझ्याकडे बघत होती. ज्यांना वाचता येत होतं, ते सगळेच बघत होते.

"आई," मी म्हणालो. "इंग्रजीत आई."

कौसाबाईंनी शेजारणीला कोपर मारलं. "बघलंस? विंग्रजीत पन आईच लिवलाय."

सहामाहीचा पेपर तालुक्याहून छापून आला. दहा शब्दांचे अर्थ लिहा, प्रत्येकी एक गुण. उमाची नऊ उत्तरं बरोबर होती. 'पुअर'पुढे तिने सुवाच्य अक्षरात 'आई' लिहिलं होतं.

मी गुण दिला. मुख्याध्यापकांनी फेरतपासणीत तो कापला.